अंगणात येऊन बसणारा कायोटी: आधी त्याचं खाणं तोडा, मग हुसकवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत टेकडीलगत घर. मागच्या अंगणाला ५ फुटी कुंपण. घरात १२ पौंडांचा शिह त्झू, ४ वर्षांची मुलगी आणि नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. गेले काही आठवडे एक कायोटी (कोल्ह्यासारखा दिसणारा, कुत्र्याच्या कुळातला जंगली प्राणी) सकाळी सातच्या सुमारास येतो आणि हिरवळीवर बसतो. काचेवर टकटक केली तर मान वळवून बघतो, उठत नाही. शेजारी म्हणतात पिंजरा लावा, एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, म्हणते हे आमचं काम नाही. काय करावं?

कायोटी दिवसाढवळ्या आला म्हणून घाबरू नका. उजेडात दिसला म्हणजे पिसाळलेला, हा समज चुकीचा आहे. वसंत-उन्हाळ्यात पिल्लं असतात तेव्हा नर-मादी दोघंही दिवसभर शिकार करतात. माणसांचा त्रास नसेल तिथे हा प्राणी एरवीही दिवसा फिरतो. काळजीची गोष्ट दुसरी आहे: तो उठत नाही. काचेमागचा माणूस टकटक करतो आणि पुढे काहीच होत नाही, हे त्याला कळून चुकलं आहे. म्हणजे रोज सकाळी तुम्हीच त्याला धीट करत आहात. टकटक आजपासून बंद करा. एक तर दार उघडून बाहेर या, नाही तर काहीच करू नका.

शहरी कायोटी धीट कसा होत जातो, त्याच्या सात पायऱ्या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांडल्या आहेत. आधी रात्री रस्त्यांवर आणि अंगणांत वावर वाढतो. मग रात्री पाळलेली मांजरं, कुत्री त्याच्या तोंडी जाऊ लागतात. तिसऱ्या पायरीवर तो पहाटे आणि संध्याकाळी उजेडात दिसतो. चौथीवर दिवसा पाळीव जनावरांचा पाठलाग, पाचवीवर पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यावर मालकासमोर झडप आणि धावणाऱ्यांच्या किंवा सायकलवाल्यांच्या मागे लागणं. सहावीवर तो भर दुपारी मुलांच्या खेळायच्या जागी घुटमळतो आणि सातवीवर मोठ्या माणसांवर गुरगुरत येतो. तुमचा कायोटी तिसरी ओलांडून चौथीच्या तोंडाशी आहे. इथवर आलेला प्राणी परत फिरवता येतो. पाचवीच्या पुढे गेलेला सहसा फिरत नाही.

आता मुळाशी जाऊ. कायोटी तुमच्या अंगणात येतो कारण तिथे किंवा जवळपास त्याला काही तरी मिळतं. ते शोधल्याशिवाय केलेली हुसकावणी फुकट जाते. तो पळेल, पण भूक लागली की परत येईल, आणि प्रत्येक वेळी थोडा कमी घाबरेल. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी खाणं, मग भीती, मग कुंपण. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात आणि सगळ्यात जास्त पैसा आधी कुंपणावर घालतात.

तो काय खातो याचा अंदाज हवा. शिकागोच्या कुक काउंटीत २००० सालापासून कायोटींना रेडिओ कॉलर लावून अभ्यास चालू आहे. तिथल्या विष्ठेच्या तपासणीत ४२ टक्के नमुन्यांत लहान उंदीर-घुशी निघाल्या, २३ टक्क्यांत फळं, २२ टक्क्यांत हरीण आणि १८ टक्क्यांत ससे. मांजर एखाद-दुसऱ्या टक्क्यातच. लॉस एंजेलिसचं चित्र मात्र वेगळं: तिथल्या दाट शहरी भागातल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत पाळीव किंवा भटक्या मांजरांचे अवशेष होते. तुमचा भाग शिकागोपेक्षा लॉस एंजेलिसच्या जवळचा आहे, फळझाडंही भरपूर आहेत. तेव्हा संशय फळांवर, उंदरांवर आणि मांजरांवर घ्या.

अंदाजाची खात्री त्याच्या विष्ठेवरून होते. ती दोरखंडासारखी पिळलेली, टोकाला निमुळती असते आणि बहुधा वाटेच्या मधोमध किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात पडलेली असते. कुत्र्याची विष्ठा पिठासारखी एकजीव असते, हिच्यात केस, हाडांचे तुकडे आणि बिया स्पष्ट दिसतात. काडीने उसकून बघा, हात लावू नका आणि नाक फार जवळ नेऊ नका, कारण तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. पेरू-अंजिराच्या बिया दिसल्या तर चोर झाडाखाली आहे. राखाडी बारीक केस दिसले तर उंदीर किंवा ससे.

मग एका शनिवारी सकाळी अंगणाची पूर्ण झडती घ्या. पेरू, अंजीर, लोकाट, पर्सिमन, अवोकाडो, संत्रं यांपैकी कुठल्याही झाडाखाली पडलेलं फळ रोज संध्याकाळी अंधार पडण्याआधी उचलायचं. दोन दिवसांनी नव्हे, रोज. खालच्या फांद्या जमिनीपासून ३ फूट वर छाटा, म्हणजे फळही हाताशी राहणार नाही आणि दडायला आडोसाही उरणार नाही. पक्ष्यांना दाणे ठेवत असाल तर दोन-तीन महिने बंदच करा. दाणे कायोटी फारसे खात नाही, पण सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आणि खारी येतात, त्यांच्यामागे तो येतो. बार्बेक्यूचा चरबी साचणारा ट्रे दर वेळी घासून आत ठेवा. कंपोस्टमध्ये हाडं, मांस, अंड्यांची टरफलं, तुपातेलाचा उरलेला भात-भाजी नको, आणि झाकण घट्ट हवं. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री रस्त्यावर ठेवू नका, गाडी येते त्या सकाळी ठेवा. कुत्र्याचं खाणं आणि पाण्याचं भांडंही रात्री आत. कोरड्या महिन्यांत नुसतं पाणीसुद्धा आमिष ठरतं.

आपल्या घरांत एक जागा हमखास सुटते: कावळ्याचा घास. पितृपक्षात, अमावस्येला किंवा रोजच्या जेवणाआधी काढलेला घास आई-बाबा भक्तिभावाने मागच्या कट्ट्यावर ठेवतात. भात, वडा, खीर. इथे कावळा येतोही, पण राहिलेलं रात्री रॅकून आणि कायोटी खातात. पितृपक्ष भाद्रपदात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास येतो, आणि वर्षाची पिल्लं आईबापांपासून सुटी होऊन नवी जागा शोधत फिरू लागतात तेही शरदातच. घास ठेवू नका असं सांगून घरात वाद घालायची गरज नाही. सकाळी उंच जागी ठेवा, तासाभराने उरलेलं उचला, एवढं पुरतं. खारींना पोळीचे तुकडे टाकणं आणि भटक्या मांजरीला दूध ठेवणं मात्र पूर्ण थांबवा.

उंदरांसाठी विष घालू नका. रक्त गोठू न देणारी जी जबर विषं असतात, त्यांच्या वापरावर कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२१ पासून कडक निर्बंध आणले आहेत. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो दोन-चार दिवस सुस्त फिरतो आणि घुबड, बॉबकॅट, कायोटी, प्रसंगी तुमचा कुत्राही त्याला सहज पकडतो. लाकडी स्प्रिंगचे सापळे बंद पेटीत ठेवा आणि घराची अर्ध्या इंचाहून मोठी भोकं जाळीने बुजवा. घरातल्या लहान उंदरांसाठी हेच माप पाव इंच.

तुमचं अंगण चकाचक करूनही तो येत राहिला तर पुरवठा शेजारून होतो आहे. दोनपैकी एक असतं: कुणी तरी भटक्या मांजरांच्या कळपाला रोज वाडगे भरून ठेवतं, किंवा कुणी तरी कायोटीलाच मुद्दाम खाऊ घालतं. दुसरा प्रकार तुम्हाला वाटतो त्याहून बराच जास्त आढळतो. अमेरिका-कॅनडात १९६० ते २००६ दरम्यान नोंदल्या गेलेल्या १४२ हल्ल्यांचा, म्हणजे १५९ जखमींचा, अभ्यास झाला तेव्हा सुमारे ३० टक्के ठिकाणी आधी जवळपास खाऊ घालणं चालू होतं, कधी जाणूनबुजून तर कधी नकळत. लॉस एंजेलिस शहरात अशा वन्य शिकारी प्राण्यांना खाऊ घालणं गुन्हा आहे आणि इतर अनेक शहरांत तसे नियम आहेत. शेजाऱ्याशी आधी गोडीने बोला, मग शहराच्या प्राणी विभागाला कळवा.

आता हुसकावणं. याची पद्धत आहे आणि ती अर्धवट केली तर उलटते.

दाराजवळ एक टोपली कायम तयार ठेवा. तिच्यात पत्र्याचा रिकामा डबा, आत २०-२५ नाणी किंवा खडे घालून तोंड टेपने बंद केलेला. सोबत हातात मावणारा एअर हॉर्न, शिट्टी, दोन स्टीलची ताटं. बाहेरच्या नळाला पाइप जोडलेला असू द्या, टोकाला लांब धार सोडणारी तोटी लावून. तो दिसला की दार उघडून पूर्ण बाहेर या. हात डोक्यावर उंच करा, जॅकेटची टोकं धरून रुंद व्हा, भरदार आवाजात ओरडा आणि त्याच्याकडे सरळ चालत जा. डबा खुळखुळवा, पाणी मारा. त्याच्या मागे निघायची वाट मोकळी आहे ना, हे आधी पाहा. कोंडीत सापडलेला भित्रा प्राणीही चावतो.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: तो दहा-पंधरा पावलं जाऊन थांबतो, वळून बघतो आणि माणूस समाधानाने घरात जातो. कायोटीच्या लेखी तिथे तो जिंकला. तो पार नजरेआड होईपर्यंत, कुंपणापलीकडे जाईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा पाच मिनिटं लागतील. पुढच्या आठवड्यात तुमचं दार वाजलं की तो उठेल. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हे करायला हवं, नाही तर तो फक्त तुम्हाला ओळखून तुमच्यापुरता घाबरतो आणि आई-बाबांसमोर तसाच बसून राहतो. साधनंही बदलत राहा. एकाच आवाजाची सवय पंधरा दिवसांत होते. गाडीतून हॉर्न वाजवणं, खिडकीतून ओरडणं यांचा उपयोग नाही, माणूस आणि भीती यांची सांगड त्याच्या डोक्यात बसली पाहिजे.

हुसकावू नये अशा तीन वेळा आहेत. तो लांब, टेकडीवर आपल्या वाटेने जात असेल तर जाऊ द्या. तिथे तो असणंच योग्य आहे. तो लंगडत, झडलेल्या केसांचा, सुस्त असेल तर जवळ जाऊ नका, प्राणी विभागाला फोन करा. झडलेले केस आणि खपल्या म्हणजे बहुधा खरूज. असा कायोटी उष्णता आणि सोपं खाणं शोधत दिवसा घरांजवळ पडून राहतो, आणि कुत्र्याला ती लागू शकते. तिसरी वेळ पिल्लांची. जोड्या जानेवारी ते मार्चमध्ये जमतात, साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, चार ते सात पिल्लं होतात. मे ते जुलैमध्ये कुत्र्यासोबत चालताना एखादा कायोटी काही अंतर ठेवून मागे मागे आला, तर तो शिकारीवर नाही, तुम्हाला बिळापासून दूर पोचवतो आहे. तिथे आरडाओरडा करून त्याच्यावर चालून जाऊ नका. कुत्रा जवळ ओढून घ्या, त्याच्याकडे तोंड ठेवून शांतपणे मागे सरका आणि पुढचे दोन महिने ती वाट सोडा.

आई-बाबांना एक गोष्ट वेगळी समजावून सांगा. गावाकडे भटकं कुत्रं अंगावर आलं की आपण दगड उचलायला वाकतो आणि कुत्रं पळतं. तिथल्या कुत्र्यांना त्या वाकण्याचा अर्थ ठाऊक असतो. कायोटीला नसतो. त्याला फक्त समोरचा मोठा प्राणी अचानक लहान झालेला दिसतो. म्हणून जवळ असताना वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पाठ फिरवायची नाही आणि पळायचं तर मुळीच नाही. दोन-चार खडे आधीच खिशात असू द्यावेत, हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. पहाटे साडेपाचला फिरायला जायची सवय असेल तर तूर्त ती सूर्योदयानंतर न्यावी. मुलगी सोबत असेल तर पहिलं काम तिला उचलून घेणं, ओरडणं त्यानंतर. लहान मूल घाबरून पळतं आणि पळणाऱ्या लहान गोष्टीमागे धावणं हा त्याचा स्वभावच आहे. अंगणात ती एकटी खेळणार नाही, हा नियम तो दिसेनासा झाल्यावरही काही महिने ठेवा. माणसाचा जीव गेल्याच्या ठोस नोंदी अमेरिका-कॅनडात दोनच आहेत, १९८१ साली ग्लेंडेलमधली ३ वर्षांची मुलगी आणि २००९ साली नोव्हा स्कोशियातल्या राष्ट्रीय उद्यानात १९ वर्षांची तरुणी. प्रमाण नगण्य आहे, पण ग्लेंडेल तुमच्यापासून फार लांब नाही आणि तिथली घटना घराच्या दारातच घडली होती.

शिह त्झूचा धोका मात्र नगण्य नाही. २०-२५ पौंडांच्या आतला कुत्रा कायोटीला सशाएवढाच वाटतो. 'दोन मिनिटांसाठी सोडला होता' हे वाक्य पशुवैद्यांच्या दवाखान्यात रोजचं आहे. अंधारात शी-शूला नेताना आधी बाहेरचा दिवा लावा, टॉर्चने कोपरे बघा, मग पट्ट्यासकट सोबत जा. पट्टा ६ फुटी, साधा. गुंडाळी उलगडत लांब होणारा पट्टा नको, १५ फुटांवरचा कुत्रा तुम्ही वेळेत ओढू शकत नाही आणि बारीक दोरीने बोटं कापतात. कुत्र्यासाठीचं भिंतीतलं छोटं झडपेचं दार रात्री कुलूपबंद करा, कायोटी त्यातून आतही येऊ शकतो. मान-पाठ झाकणारी कडक कापडाची, वर टोकदार काटे असलेली जॅकेटं मिळतात. ती पहिल्या चाव्यातून वेळ मिळवून देतात, एवढाच त्यांचा उपयोग. जमिनीखाली तार पुरून कुत्र्याला हद्दीत ठेवणारं 'अदृश्य कुंपण' घालून मोकळं सोडणं हा सगळ्यात वाईट पर्याय: कुत्रा आत अडकतो, कायोटीला काहीच अडवत नाही. मांजर असेल तर ते घरातच.

कुंपणाचं गणित त्याच्या उडीच्या पद्धतीवर आहे. कायोटी कुंपण एका झेपेत क्वचित ओलांडतो. तो उडी मारून पुढचे पाय माथ्यावर टेकवतो, पकड घेतो आणि मागचे पाय वर ओढून पलीकडे जातो. ५ फूट त्याला सोपं आहे. किमान ६ फूट हवं आणि माथ्यावर पकड मिळता कामा नये. त्यासाठी फिरते रूळ लावतात. तयार अॅल्युमिनियमचे मिळतात, घरीही करता येतात. दर ४-५ फुटांवर कुंपणाच्या माथ्याला एल आकाराचे ब्रॅकेट घट्ट बसवा, त्यांतून स्टीलची वायर-दोरी ताणून घ्या. प्रत्येक टप्प्यात त्या दोरीवर आधी १ इंची पीव्हीसी पाइप आणि त्यावर सैल ३ इंची पाइप ओवा. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा इंचभर आखूड ठेवा, नाही तर तो ब्रॅकेटला घासून अडतो आणि फिरत नाही. जो रूळ फिरत नाही तो त्याच्यासाठी पायरीच. दोरी सैल असली तरी तेच होतं, म्हणून एका टोकाला टर्नबकल (दोरी ताणायचा स्क्रू) लावा आणि दर सहा महिन्यांनी आवळा. पावसा-उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतो, त्याला बाहेरचा रंग मारून घ्या.

रूळ लावून ५ फुटी कुंपण जेमतेम साडेपाच फूट होतं, आणि तेवढं धीट प्राण्याला झेपतं. आधी उंची वाढवा, मग रूळ. बऱ्याच शहरांत मागच्या कुंपणाची मर्यादा ६ फुटांच्या आसपास असते आणि एचओएची रचना-समिती रंग-आकारालाही हरकत घेते, तेव्हा साहित्य आणण्याआधी लेखी परवानगी घ्या. कुंपणाला टेकून ठेवलेला बाक, लाकडाची थप्पी, कचऱ्याचे डबे, झुकलेली फांदी यांपैकी काहीही असेल तर सहा फुटांचे पुन्हा चार होतात.

खालची बाजू लोक विसरतात. अर्ध्या इंची चौकोनी भोकांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी, इथल्या दुकानांत हार्डवेअर क्लॉथ म्हणून मिळते ती, कुंपणाच्या तळाला स्क्रू-वॉशरने पक्की करा. ती १२ इंच खाली पुरून पुढे १२ ते १८ इंच बाहेरच्या बाजूला आडवी वळवा आणि वर माती टाका. नुसती सरळ पुरलेली जाळी तो बाजूने उकरत शेवटी चुकवतो. आडव्या पदरावर तो उभा राहूनच खणतो, त्यामुळे नखं जाळीलाच लागतात. टेकडीलगतच्या घरांना दृश्य दिसावं म्हणून लोखंडी गजांचं कुंपण असतं. गजांमधल्या फटीतून पिल्लं निसटतात, तिथे खालच्या तीन फुटांना हीच जाळी आतून बांधा. फाटकाखालची फट, पावसाचं पाणी जायचं भोक आणि उतारावर पायरीसारखं बसवलेल्या कुंपणाचे कोपरे या तीन जागा वेगळ्या तपासा. माझ्या मते फाटकाखाली एक फरशी बसवण्याचा खर्च सगळ्या कुंपणात सर्वात जास्त वसूल होतो.

हालचाल टिपून पाणी उडवणारं स्प्रिंकलर चांगलं, विशेषतः तो ज्या वाटेने आत येतो तिथे. पण दर चार-पाच दिवसांनी जागा बदला. लुकलुकणारे दिवे थोडे दिवस चालतात. लांडग्याचं मूत्र, अमोनियात बुडवलेली फडकी आणि कानाला न ऐकू येणारा आवाज करणारी यंत्रं यांवर पैसे घालवू नका.

शेजाऱ्यांच्या पिंजऱ्याबद्दल. कॅलिफोर्नियात पकडलेला कायोटी दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. नियमानुसार तो जागीच मोकळा करायचा किंवा मारायचा. 'पकडून जंगलात सोडतो' असं कुणी म्हणत असेल तर तो बेकायदा काम करतो आहे किंवा खोटं बोलतो आहे. पायाला जखडणारे जबड्याचे सापळे नागरिकांना १९९८च्या जनमतापासून बंद आहेत. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, तिथल्या रहिवाशाच्या परवानगीशिवाय, शिकारीसाठी बंदूक चालवणंही गुन्हा. शिवाय पेटीच्या पिंजऱ्यात कायोटी सहसा शिरतच नाही. शेजाऱ्याचं मांजर आणि स्कंक (घाण वासाचा फवारा मारणारा लहान प्राणी) मात्र शिरतात, आणि स्कंक बाहेर काढणं हा स्वतंत्र व्याप आहे.

समजा मारलाच. मोकळी झालेली हद्द काही आठवड्यांत दुसरा घेतो, आणि खाणं तिथेच असेल तर तोही तसाच सोकावतो. संख्या कमी झाली की उरलेल्या माद्यांना खाणं मुबलक मिळतं, पिल्लं जास्त होतात आणि जास्त जगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९७५च्या एका गणिती प्रारूपानुसार संख्या खरोखर घटवायला दर वर्षी सुमारे ७५ टक्के प्राणी मारत राहावं लागेल. हे कुठल्याही शहराच्या आवाक्याबाहेरचं आहे. तरीही 'कधीच मारू नये' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माणसाला चावलेला किंवा मुलांच्या मागे लागलेला नेमका तो प्राणी काढावाच लागतो, आणि ते काम सरकारी यंत्रणेचं आहे. व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये डिसेंबर २०२० ते सप्टेंबर २०२१ दरम्यान किमान ४५ जणांना इजा झाली. शेवटी काही कायोटी मारावेच लागले.

डेकखाली किंवा शेडखाली बीळ निघालं तर घाईने बुजवू नका. आत पिल्लं असतील तर ती कुजतील आणि आई कुंपण फोडेल. बीळ फक्त पिल्लांपुरतं असतं, एरवी कायोटी उघड्यावर झोपतो. एप्रिल ते जुलै असेल तर पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबा, किंवा तोंडाशी रोज थोडा वावर आणि रेडिओचा आवाज ठेवा, आई त्यांना तोंडात धरून दुसरीकडे नेते. मग तोंडावर पीठ भुरभुरून तीन रात्री ठसे बघा. ठसे नसतील तर वरच्याच एल आकाराच्या जाळीने बंद करा.

चावला तर वेळ घालवू नका. माणसाची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा, लगेच रुग्णालयात जा. रेबीजची लस आधी न घेतलेल्याला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) जखमेत आणि लस ०, ३, ७, १४ या दिवशी, असा क्रम असतो. भारतात पूर्वी लस घेतली असेल तर कागद दाखवा, मग इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही आणि डोसही कमी होतात. आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा असल्या खर्चाला लागू आहे का, हे आजच वाचून ठेवा, नंतर नको. प्राणी मारला गेलाच तर डोक्याला इजा होऊ देऊ नये, रेबीजची तपासणी मेंदूवर होते. कुत्र्याला चावा बसला तर वरून दोन छोटी भोकं दिसतात, आत मात्र स्नायू फाटलेले असतात. बरा दिसतोय म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. त्याची रेबीजची लस चालू असेल तर लगेच बूस्टर आणि काही आठवडे निगराणी. लसच झालेली नसेल तर काही महिन्यांचं कडक विलगीकरण, नाही तर त्याला मारण्याचा सल्ला मिळू शकतो. परवाना-लसीचं कार्ड आज काढून बघा.

एचओएला 'कायोटीचा बंदोबस्त करा' असं पत्र लिहिलंत तर तेच उत्तर येईल. त्यांच्या अखत्यारीतल्या चार गोष्टी मागा: सामायिक कचरापेट्यांना आपोआप बंद होणारी झाकणं, सामायिक झाडांखालची फळं उचलण्याचं काम बागकाम कंत्राटात, दाट झुडपांची तळछाटणी आणि कुणाच्याही उघड्यावर खाऊ घालण्यावर दंडाचा ठराव. सोबत नोंदवही जोडा. तारीख, वेळ, जागा, कायोटी किती, कुत्रा सोबत होता का, तुम्ही काय केलं, तो किती अंतरावर गेला. 'दिसला', 'जवळ आला पण काही केलं नाही', 'पाळीव जनावरावर गेला', 'माणसावर गेला' हे चार प्रकार वेगळे लिहा. सगळ्याला हल्ला म्हटलं की पुढे खऱ्या हल्ल्याकडे कुणी बघत नाही.

हे सगळं नेटाने केल्यावर दोन-तीन आठवड्यांत दार उघडताच तो कुंपणाकडे निघायला हवा. तीन आठवड्यांनंतरही तो बसूनच राहत असेल तर जवळपासचं खाणं अजून सापडलेलं नाही, तेव्हा पुन्हा विष्ठा तपासा आणि दोन्ही बाजूंची पाच-सहा घरं विचारून या. मात्र तो तुमच्या दिशेने चालत आला, दात दाखवले किंवा पट्ट्यातल्या कुत्र्यावर गेला, तर वाट बघू नका: प्रसंग चालू असेल तर ९११ हा आपत्कालीन क्रमांक, एरवी शहराचा प्राणी नियंत्रण विभाग आणि राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाची ऑनलाइन नोंद. तिथे फोटोबरोबर त्याच्या अंगावरची खूण लिहा, कापलेला कान, लंगडा पाय, शेपटीचं काळं टोक नसणं असं काहीही, म्हणजे पकडायला येणाऱ्याला नेमका तोच प्राणी ओळखता येईल.